व्हॅल्युएबल्स, प्रेत्सिओझी आणि आमची ठेव

रोह्याच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला दोनच माणसं आली होती. एक माझी बायको यमुना आणि दुसरा तिचा भाऊ. त्यालाही बाजारात विळ्याला धार लावून घ्यायची होती म्हणून तो आला. मी इटलीला चाललो होतो. आमच्या आळीतलं तोवर कोणी दुबईच्या पलीकडं गेलेलं नव्हतं. तरी दोनच माणसं. भाताची झोडणी चालू हाय, लोकांना सवड नाय, असं यमुना बोलली. मी मान हलवली. गाडी सुटताना ती खिडकीखाली आली आणि बोलली, "तिकडं थंडी असंल, कान बांधून ठेवा." एवढंच. मग मेव्हण्याबरोबर विळ्याच्या दुकानाकडं वळली.

पेणला गाडी थांबली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आज कुठल्या पुढाऱ्याची सभा हाय का काय. स्टँडवर अख्खी आळी जमली होती. गणपतीच्या कारखान्यातले कारागीर अंगाला माती लागलेली तशीच घेऊन आले होते. बायका होत्या, फोटोवाला होता. कोणीतरी एसटीच्या चाकापुढं नारळ फोडला. कंडक्टर घंटी मारायची सोडून खोबरं खात उभा राहिला. आणि या सगळ्यांच्या मधोमध, गळ्यात झेंडूचा हार घातलेला मधू. तोही माझ्याबरोबर इटलीलाच चालला होता. तो चढला, माझ्या शेजारी बसला, खिडकीतून हात हलवून हलवून दमला, आणि मग मला बोलला, "दादा, तुमचा हार कुठं?"

"काढून ठेवला," मी बोललो.

हे मी लिहितोय ते तुम्हा दोघांसाठी. जे मागं राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे गेलात त्यांच्यासाठी. मागं राहिलेल्यांना वाटतं गेलेल्यांचं बरं चाललंय. गेलेल्यांना वाटतं राहिलेल्यांचं बरं चाललंय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मला खोटी नम्रता जमत नाय. मी सरळ सांगतो, मला दोघांचाही हेवा वाटत आलाय. आणि सगळ्यात जास्ती पेणच्या मधूचा.

त्याला नेला मीच. रोह्याच्या एका कंपनीत मशिनं बसवायला इटलीचे इंजिनेर आले होते, त्यांच्या बंगल्यावर मी जेवण करायचो. साहेब दोन वर्षं माझ्या हातचं जेवले. पहिल्या महिन्यात माझ्या तिखटानं रडले, मग जाताना माझ्यासाठी रडले. त्यांच्या बहिणीचं तिकडं तळ्याकाठी छोटं हॉटेल होतं. तिकडं अशा घरगुती हॉटेलाला पेन्सिओने म्हणतात. बहिणीला दोन माणसं पाहिजे होती, एक सैपाकघरात आणि एक पुढच्या बाजूला. साहेब बोलले, "धोंडू, तू चल, आणि एक तुझ्यासारखा विश्वासाचा माणूस आण." मधू कंपनीच्या भिंतींवर पाट्या रंगवायला पेणहून यायचा. पोरगा चलाख, बोलायला गोड, इंग्रजी अक्षरं काढायचा ती छापल्यासारखी. मी त्याचं नाव सांगितलं. आमच्या भागातला माणूस बरोबर असावा, एवढाच विचार. पेण आणि रोहा तसं एकाच अंगाचं, असं मला तेव्हा वाटायचं. इटलीत गेल्यावर कळलं की मध्ये वडखळ येतं आणि नागोठणं येतं, आणि माणसामाणसात तेवढं अंतर असतं.

विमानतळावरनं साहेबांच्या मोटारीनं जाताना दोन्ही बाजूला भाताची खाचरं दिसली. कापणी होऊन गेलेली, पाणी सुकलेलं, बांध सरळ दोरी लावल्यासारखे. मी ओरडलोच, "अरे, भात!" मधू झोपला होता. साहेबांनी सांगितलं, इथं आता हातानं कोणी लावणी करत नाय, सगळं मशीन. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पुढं डोंगर आले, मग तळं आलं. लोक ते बघायला लांबून येतात. मला ते पहिल्या दिवशी भरतीच्या टायमाला धरमतरची खाडी दिसते तसं दिसलं, फक्त त्याला वास नव्हता. वास नसलेल्या पाण्याची सवय व्हायला मला फार दिवस गेले.

हॉटेलची मालकीण म्हणजे सिन्योरा. तिकडं बाईला सिन्योरा म्हणतात, नावाची गरज पडत नाय. बाई पन्नाशीची, कडक, पहाटे उठून स्वतः जिना पुसणारी. तिला माझं नाव जमेना. धोंडूचं तिनं दोन्दो केलं. मधूचं मात्र पहिल्याच दिवशी मादू, म्हणजे जवळजवळ बरोबरच. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? ज्याचं नाव लोकांना येतं त्यालाच लोक हाक मारतात. मला हाक मारायची वेळ आली की ती चमचा वाजवायची.

आता मूळ गोष्टीवर येतो. प्रत्येक खोलीच्या दारामागं एक जुना इंग्रजी छापील कागद चिकटवलेला होता, पार पुसट झालेला. मधूनं वाचून सांगितलं, पाहुण्यांनी आपले व्हॅल्युएबल्स खाली कचेरीत ठेवावे, असं लिहिलंय. मी विचारलं, "म्हंजे काय?" तो बोलला, "म्हंजे मौल्यवान." मी विचारलं, "मौल्यवान काय?" तो बोलला, "मौल्यवान वस्तू, दादा. इंग्रजीत वस्तू वेगळं म्हणावं लागत नाय, त्यातच येतं. आणि एक नसतं कधी, कायम अनेकच." मला ते पटलं नाय. एखाद्याकडं एकच असली तर त्यानं काय बोलायचं?

सिन्योराला नव्या पाट्या पाहिजे होत्या, लाकडावर रंगवलेल्या. वर इंग्रजी, खाली तिची भाषा. एका रविवारी साहेब जेवायला आले तेव्हा हा विषय निघाला. मी भात वाढत होतो. सिन्योरा बोलली, खाली लिही प्रेत्सिओझी. साहेब बोलले, नको, ओजेत्ती दी वालोरे लिही. आणि दोघं भावंडं भांडायला लागली. साहेबांना रोह्यात राहून थोडी हिंदी यायची, ते मधूनमधून आम्हाला सांगत होते. प्रेत्सिओझी म्हणजे सोनं, मोती, खडे. तेवढंच. ज्याच्याकडं फक्त कॅमेरा हाय तो म्हणेल हे माझ्यासाठी नाय. ओजेत्ती दी वालोरे म्हणजे ज्याला ज्याला किंमत हाय ते सगळं, घड्याळ, कॅमेरा, पासपोर्ट. सिन्योरा बोलली, मग नुसतं वालोरी लिही की. साहेब बोलले, वालोरी लिहिलं तर बँक वाटेल, लोक नोटांची पाकिटं घेऊन येतील. मग सिन्योरा बोलली, आमची आई तर कोझे कारे म्हणायची. म्हणजे जिवाच्या वस्तू. साहेब हसले. असं पाटीवर कोण लिहितं?

वालोरे हा शब्द मी आमच्या वालांवरनं लक्षात ठेवला. रोह्याकडच्या माणसाला ते सोपं जातं.

मधूनं तेवढ्यात मला विचारलं, "दादा, आपल्याकडं काय म्हणायचं याला?"

मला बरं वाटलं. मी पातेलं खाली ठेवलं. "ते बोलणाऱ्यावर हाय," मी बोललो. "पोलीस ऐवज म्हणतात, पण तो चोरीला गेल्यावर. बायका डाग म्हणतात. एसटीत म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसते ती म्हणते, जोखीम हाय. आणि आमच्या घरात ठेव म्हणायचे."

साहेबांनी विचारलं, ठेव क्या? मी सांगायला तोंड उघडलं. पण मला हिंदी जुळवायला वेळ लागतो. तेवढ्यात मधू सिन्योराकडं बघून बोलला, "देपोझितो." दोघांनी माना डोलावल्या. आणि जेवण पुढं सुरू झालं. देपोझितो म्हणजे बँकेत ठेवतात ते. माझा बापजाद्यांचा शब्द त्यानं एका घासात खाऊन टाकला आणि वर पाणी प्यायला.

म्हणून तो शब्द आता इथं सांगतो. तेव्हा कोणी ऐकला नाय.

दिवाळी झाली की आमच्या आळीतली निम्मी माणसं घरं बंद करून बाहेर पडायची. कोणी पेणच्या खालच्या अंगाला मिठागरावर, कोणी वीटभट्टीवर. पावसाआधी परत यायची. बायकांचे डाग असायचे, चांदीचे तोडे, एखादी पुतळी, नाकातली. झोपडीत राहायचं तिथं ते कुठं नेणार? ते सगळे आमच्या बापाकडं यायचे. बाप कोणाशी फार बोलणारा नव्हता, हसायचा तर वर्षातनं एकदा. पण ठेव ठेवायची तर याच्याकडंच. रीत अशी होती की ज्याची वस्तू त्यानं आपल्या फडक्यात बांधायची, गाठ आपल्या हातानं मारायची. बाप हात पुढं करायचा, घ्यायचा, आत नेऊन ठेवायचा. आत काय हाय ते विचारायचं नाय. गाठीला बोट लावायचं नाय. परत न्यायला आले की तीच गाठ, तेच फडकं. कागद नाय, अंगठा नाय. मी लहान असताना एकदा एक गाठोडं कानाशी धरून हलवून बघितलं. बापानं मला मारलं नाय. नुसतं बोलला, "दुसऱ्याच्या घरात डोकावलास." मार परवडला असता.

बाप गेल्यावर लोक माझ्याकडं यायला लागले. मला सांगायला संकोच नाय, माझ्याकडं जमीन थोडी, शिक्षण त्याहून थोडं. पण आळीतल्या बायका आपले डाग माझ्या हातात देऊन निघून जायच्या आणि मागं वळून बघायच्या नाय. सरपंचाला असं कोणी काय दिलं नाय. माझी जी काय मान ताठ हाय ती तिथनं आलेली हाय. तीच घेऊन मी इटलीला गेलो होतो.

आणि तिकडं कचेरीतल्या लोखंडी कपाटाची चावी सिन्योरानं दिली मधूला.

का तर त्याला वाचता येतं. पाट्या त्यानंच रंगवल्या होत्या, वर निळ्या अक्षरात इंग्रजी, खाली लाल अक्षरात ओजेत्ती दी वालोरे. साहेबांचा शब्द जिंकला होता. पाहुणे पाट्यांचे फोटो काढायचे. मधू पांढरा शर्ट घालून कचेरीत बसायचा. बाई आली की तिची पिशवी तिच्यासमोर उघडायचा, एकेक डाग बाहेर काढायचा आणि त्याचं नाव घ्यायचा. आनेल्लो म्हणजे अंगठी. कोल्लाना म्हणजे गळ्यातलं. ओरेक्कीनी म्हणजे कानातलं. लिहून घ्यायचा, बाईची सही घ्यायचा. सैपाकघराचं दार उघडं असायचं. मी मासे साफ करत सगळं ऐकायचो. मासा कोणता आणि कसा साफ केला ते त्या दिवसांतलं मला आठवत नाय.

एकदा मी त्याला गाठलाच.

"मधू, लाज नाय वाटत? परकी बाई समोर उभी, आणि तू तिच्या डागांची नावं घेतोस."

"दादा, उद्या ती बोलली एक कमी हाय, तर?"

"नाय बोलणार. आमच्या बापानं कधी कोणाची गाठ सोडली नाय, त्याला कधी कोण बोललं नाय."

"तुमच्या बापाकडं लोक पायी यायचे. इथं मोटारीनं येतात."

"मग?"

"मग काय! मोटारवाल्याला वकील असतो."

आणि हसला. पेणची माणसं हसतात तसं, तोंडभर. त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणेन. पण सिन्योरा त्याच्यावर खूश, पाहुणे खूश. जाताना बक्षिशी त्याच्या हातात, आणि सैपाक कोणी केला ते कोणी विचारायचं नाय. घरी फोन केला की यमुनासुद्धा पहिलं विचारायची, "मधूभावजी बरे हायत ना?" मी म्हणायचो, "व्हय, तो बराच असतो."

दुसऱ्या उन्हाळ्यात पेणहून निरोप आला. मधूच्या भावाचा हात मोडला होता आणि कारखान्यात गणपती रंगून तयार होते, नुसते डोळे काढायचे राहिले होते. त्याला आखणी म्हणतात. ते काम त्या घरात या दोघा भावांशिवाय कोणाला येत नव्हतं. तळ्याकाठी नेमका गर्दीचा मोसम, खोल्या भरलेल्या. सिन्योरा आधी नाय बोलली. मधूनं तिला सांगितलं, डोळे नसलेला देव लोक घरी नेणार नाय. ती बाई रोज चर्चमधे जाणारी. तिला ते कळलं. मधू गेला आणि चावी माझ्याकडं आली. दुसरं कोण नव्हतं म्हणून आली. तरी आली. मी पांढरा शर्ट घातला.

आणि मी माझ्या बापाच्या रीतीनं काम सुरू केलं.

पाहुणे यायचे, मी हात पुढं करायचो. कोणी पिशवी उघडायला लागला की मी डोळे बंद करून मान हलवायचो, नो, नो. खुणेनं सांगायचो, बांधा. तुम्हीच बांधा. लोकांना गंमत वाटायची. एक इंग्रज बाई आली, उंच, पांढऱ्या केसांची, बरोबर तिचा नवरा. तिनं डोक्याचा रेशमी रुमाल सोडला, त्यात आपलं काय ते ठेवलं. मी भिंतीकडं तोंड केलं. ती हसली आणि तिनं गाठ मारली. मी ते घेतलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. त्या दिवसात मी फार चांगला सैपाक केला. सिन्योरानं दोनदा वाढून घेतलं.

आठवड्यानं ती इंग्रज जोडी निघाली. मी रुमाल आणून दिला. तिनं तिथंच सोडला, बोटानं चाळला आणि थांबली. परत चाळला. मग नवऱ्याकडं बघून काहीतरी बोलली. अंगठी नव्हती.

नवऱ्याचा आवाज चढला. सिन्योरा जिन्यावरनं धावत आली. मला विचारलं, आत काय काय होतं, दोन्दो? मला तेवढं कळलं. मी बोललो, "नोन सो." माहीत नाय. ती बोलली, माहीत नाय म्हणजे? बघितलं नायस? मी बोललो, नाय बघितलं. मी हे अभिमानानं बोललो. तिचा चेहरा पांढरा पडला. तिकडं त्याचा अर्थ एकच होतो, या माणसानं काम केलं नाय, नायतर याला काय लपवायचं हाय. मला सांगायचं होतं, बाईला विचारा, गाठ तिचीच होती का. शब्द येत नव्हता. म्हणून मी दोन्ही हातांनी हवेत गाठ मारून दाखवली आणि घट्ट ओढली. नवरा मागं सरला. त्याला वाटलं मी गळा आवळायची खूण करतोय.

पोलिसांचं नाव निघालं. साहेब बाहेरगावी होते, तेव्हा सिन्योरानं पेणला फोन लावला. मधूच्या घराखालच्या एसटीडीच्या दुकानाचा नंबर तिच्याकडं होता. दुकानदारानं माणूस पाठवून त्याला कारखान्यातनं बोलावला. जरा वेळानं तिनं परत फोन लावला. मी समोर उभा. मला नुसतं तिचं व्हय व्हय ऐकू येत होतं. सी. सी. कोमे, म्हणजे कसं? सी. मधू बोलत होता आणि ती ऐकत होती, आणि मधेच एकदा तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यासाठी मी दोन उन्हाळे मासे साफ केले होते, आणि ते मला पेणच्या एसटीडीच्या दुकानातनं मिळालं.

फोन ठेवून तिनं इंग्रज बाईला विचारलं, आता सोडली ती गाठ तुमचीच होती का? बाई विचारात पडली. ती डावखुरी होती. तिनं रुमाल हातात घेऊन परत एकदा गाठ मारून बघितली, उलट्या बाजूनं, तिची रोजची. मग हळू आवाजात बोलली, व्हय, माझीच होती. बाई खरी होती, तिला मी दोष देत नाय. ती वर खोलीत गेली. अंगठी नवऱ्याच्या दाढीच्या सामानात सापडली. त्यानंच सांभाळून ठेवली होती आणि विसरला होता. बाई सैपाकघरात येऊन माझा हात धरून काहीतरी बोलली. नवरा मोटारीतच बसून राहिला.

सगळं सुटलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला आतनं काय वाटत होतं ते सांगतो. माझ्या बापाची रीत, माझ्या घराची इज्जत, ती सिन्योराला पटली ती मधूच्या तोंडून. मी तिथं उभा असून मला त्यातला एक शब्द कळला नाय. माझीच गोष्ट, आणि तिच्यात मीच पाहुणा. चोर ठरलो असतो तर राग आला असता, राग मला जमतो. हे दुसरंच काहीतरी होतं.

गणपती झाल्यावर मधू परत आला. मी त्याला विचारलं, "फोनवर काय बोललास तिला?"

"जे खरं ते."

"काय पण?"

"बोललो, या माणसाच्या घरात दुसऱ्याची गाठ सोडून बघणं हीच चोरी. बाकीचं चोरणं नंतरचं."

मी एवढं नीट मराठीतसुद्धा बोललो नसतो. तेच मला झोंबलं. "बरं," मी बोललो आणि कांदे चिरायला घेतले.

त्याआधीच सिन्योरानं मला समोर बसवून सांगितलं होतं. तू खरा माणूस हायस. पण यापुढं उघडून बघायचं, लिहायचं, सही घ्यायची. लिहायला येत नसेल तर मला हाक मार. तिनं हे चांगल्या मनानं सांगितलं. मी बोललो, नाय. तिनं परत सांगितलं. मी परत नाय बोललो आणि चावी टेबलावर ठेवली. इटालियन येत नसलं की भांडण लवकर आटपतं. मधू आल्यावर चावी त्याच्याकडं गेली, ती आजतागायत त्याच्याकडं हाय. तो पाहुण्यांच्या पिशव्या उघडतो आणि नावं घेतो, आनेल्लो, कोल्लाना. मी दार लावून घेतो.

मला वाटलं, असू दे. माझी जागा तिकडं हाय, आमच्या आळीत.

त्या थंडीत हॉटेल बंद झाल्यावर मी घरी आलो. गावात शिरल्याबरोबर लोक विचारायला लागले, "कधी आलात? कधी जाणार?" एका दमात दोन्ही. मेव्हणा बांधावरनं जात होता, त्याला कोणी विचारत नव्हतं कधी जाणार. तो कुठं जाणारच नव्हता. मला त्याच्या त्या फाटक्या बंडीचा हेवा वाटला. घरी यमुनानं पाणी दिलं, मासळी आणली होती, सगळं ठीक. पण ती घरात वावरत होती तशी मी वावरत नव्हतो. माझा हात मिठाच्या जागी जायचा तिथं हळद असायची.

एका सकाळी यमुना विहिरीवर गेली होती आणि हिराबाय आली. ही आमच्या शेजारची, एकटी राहणारी. तिची मुलगी पेणच्या बाजूला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून हिराबाय तिकडं चालली होती. पदराखाली गाठोडं होतं. मी बघितल्याबरोबर ओळखलं. मी उठलो, हात धुतले, पुसले आणि पुढं केले, बाप करायचा तसे.

ती दारातच थांबली. "भाऊजी," ती बोलली, "किती दिवस ऱ्हाणार?"

"हाय की महिनाभर."

"मना दोन महिने तरी लागतील." आणि पदर सारखा केला. "यमुना कुठं गेली?"

"विहिरीवर. दे ना इकडं."

"नको, ऱ्हाऊ दे. तुम्ही कशाला तरास घेताय? दोन दिस आलाव तर आराम करा. मी येते परत."

तिचं बरोबर होतं. माझ्यात ती काय कमी बघत नव्हती, नुसते दिवस बघत होती. माझे हात ओले नव्हते, तरी मी ते परत पुसले.

संध्याकाळी ती आली, यमुनाच्या हातात गाठोडं दिलं आणि मागं न बघता गेली. यमुनानं ते घेतलं, आत नेलं, ठेवलं. विचारलं नाय, बोट लावलं नाय. तिला हे कोणी शिकवलं? मी गेल्यावर लोक तिच्याकडं येत होते, दोन वर्षं, आणि फोनवर ती मला कधी बोलली नाय. बोलायचं नसतंच. मी माझ्या बायकोकडं बघत बसलो आणि मला तिचा असा हेवा वाटला, मधूचासुद्धा तसा कधी वाटला नव्हता. मधूकडं नुसती चावी होती.

"काय बघताव?" ती बोलली.

"काय नाय."

"तोंड का असं केलंय?"

"काय नाय बोललो ना."

माझं जेवण झालं नाय नीट. तिनं ते बघितलं आणि ताट उचललं.

आता माझं वय झालंय. मी अजून त्या तळ्याकाठी राहतो, सैपाक दुसरे करतात, मी बसून मीठ किती ते सांगतो. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? जे गेलेत त्यांना हा प्रश्न कसा टोचतो ते माहीत असेल. शेत, भिंती, भाषा, हे सगळं सांगून बघितलं मी. आता मला एवढंच वाटतं, जिथं दुसऱ्याची बाई आपलं गाठोडं तुमच्या हातात देऊन मागं न बघता जाते, ते तुमचं घर. इंग्रज त्या गाठोड्याला किंमत बघून नाव देतात, साहेबही तसंच. सिन्योराची आई जिवावरनं देत होती. आमच्यात ते दुसऱ्याकडं ठेवलं यावरनं नाव पडलं, ठेव. या हिशोबानं माझं घर हाय, पण ते यमुनाच्या नावावर हाय.

हिराबायनं गाठोडं दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी यमुना वालाच्या शेतात निघाली. डोक्याला फडकं बांधलं, कोयता घेतला, आणि उंबऱ्यात थांबून मला बोलली, "अवो, कुठं जाव नका. दारात बसा. आत हिराची ठेव हाय."

मी बसलो. मेव्हणा बाजाराला चल बोलला, नाय गेलो. चहाला बोलावणं आलं, नाय गेलो. ऊन अंगणभर फिरून मागल्या बाजूला गेलं. सांजेला ती शेंगांचं ओझं घेऊन आली आणि मी सकाळी होतो तिथंच होतो.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

नव्हतो जेवलो. जेवण आत होतं. आणि तिनं मला दारात बसायला सांगितलं होतं.